रक्ताची गुठळी, गर्भ आणि घराण्याचा वारसा

जळगाव किंवा धुळे येथील एखाद्या प्रसूतिगृहाच्या प्रतीक्षाकक्षात बसले असता अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते : "हिचे रक्त घट्ट आहे, म्हणून पातळ करण्याची इंजेक्शने चालू आहेत." दोन-तीनदा गर्भ राहून टिकला नाही अशी सून, तिच्या मांडीवर रिपोर्टांची जाड फाइल, शेजारी आई किंवा सासूबाई, आणि पोटावर रोज घ्यावयाच्या इंजेक्शनांची पेटी. हे दृश्य पंचवीस वर्षांपूर्वी खानदेशात क्वचितच दिसे. आज ते दाणा बाजारातील व्यापाऱ्याच्या घरी आहे, सराफाच्या घरी आहे आणि नोकरदाराच्या घरीही आहे. खर्च मोठा, चिंता त्याहून मोठी. परंतु ज्या दोषासाठी हे सारे चालले आहे तो नेमका काय आहे, हे फारच थोड्या कुटुंबांना कोणी नीट समजावून सांगितलेले असते.

मुळात 'रक्त घट्ट आहे' हा शब्दप्रयोगच फसवा आहे. या दोषात रक्त काकवीसारखे दाट झालेले नसते. वाहताना ते इतरांच्या रक्तासारखेच असते. फरक असतो तो साकळण्याच्या प्रवृत्तीत. बोट कापले की रक्त थांबले पाहिजे, यासाठी शरीरात गुठळी बांधणारी प्रथिने असतात. आणि ती गुठळी नको तेथे, नको तितकी वाढू नये यासाठी तिला आवर घालणारी दुसरी प्रथिने असतात. व्यापाऱ्याला हे सहज समजावे : जमा आणि नावे या दोन्ही बाजूंचा मेळ बसला तर खाते सुरळीत. गुठळी बांधणारे प्रथिन जन्मतः कमी असेल तर रक्त थांबत नाही. हिमोफिलिया हा त्यातलाच आजार. उलट आवर घालणारे प्रथिन कमी असेल, किंवा बांधणारे प्रथिन आवरास दाद देत नसेल, तर शिरांमध्ये विनाकारण गुठळी होते. या दुसऱ्या प्रकारास वैद्यकात थ्रॉम्बोफिलिया म्हणतात. दोन्ही दोष रक्ताचेच आणि दोन्ही वारशाने येणारे असल्याने पुष्कळ घरांत त्यांची गल्लत होते, आणि एकाचे पथ्य दुसऱ्याला लावले जाते.

हे दोष एकेक करून उमगत गेले. 1965 मध्ये नॉर्वेतील एका कुटुंबात अनेकांना गुठळ्या होतात असे आढळले आणि त्यांच्यात अँटिथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन कमी असल्याचे दिसून आले. 1981 मध्ये प्रोटीन सी, 1984 मध्ये प्रोटीन एस यांच्या उणिवेची कुटुंबे सापडली. 1994 मध्ये नेदरलँड्समधील लायडन या शहरातील संशोधकांनी फॅक्टर फाइव्ह या प्रथिनाच्या जनुकातील एक छोटासा बदल शोधला आणि त्या बदलाला शहराचेच नाव मिळाले. लायडन हे लोकसंख्येने जळगावाहूनही लहान शहर. पण आज जगातल्या प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेच्या दरपत्रकावर त्याचे नाव आहे. 1996 मध्ये प्रोथ्रॉम्बिन जनुकातील बदलाची भर पडली. ही पाच नावे म्हणजे आनुवंशिक दोषांची मुख्य यादी. बाकी जे काही रिपोर्टात छापून येते त्यातले बरेचसे किरकोळ असते.

यातील बहुतेक दोषांचा वारसा सरळ आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे सदोष जनुक असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. आणि येथेच एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे, कारण घरोघरी तिच्याविषयी मौन असते. गर्भ हा केवळ आईचा नसतो. त्याची निम्मी जनुके पित्याकडून येतात. इतकेच नव्हे, तर वारेचा जो भाग गर्भाला पोसतो तोही गर्भाच्याच पेशींपासून, म्हणजे माता-पिता दोघांच्या वारशातून घडतो. असे असताना तपासण्या मात्र केवळ सुनेच्या होतात. तिचा रिपोर्ट निर्दोष आला तरी कुटुंब समाधानी नसते, सदोष आला तर मग विचारायलाच नको. मुलाच्या बाजूला कोणाला तरुणपणी पायात गुठळी झाली होती का, कोणी शस्त्रक्रियेनंतर अचानक गेले होते का, हा प्रश्न कोणी काढीत नाही.

गर्भारपणात निसर्गतःच स्त्रीचे रक्त अधिक साकळणारे बनते. प्रसूतीच्या वेळी होणाऱ्या रक्तस्रावाची ती आगाऊ तरतूद असते. त्यात वाढलेले गर्भाशय पोटातील मोठ्या शिरांवर दाब टाकते आणि पायांतून वर येणाऱ्या रक्ताचा वेग मंदावतो. म्हणून गर्भवतीला पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका इतर वेळेपेक्षा चार-पाच पटींनी अधिक असतो. आणि ती गुठळी बहुधा डाव्या पायात होते. पाश्चात्त्य देशांतील आकड्यांप्रमाणे हजार गर्भारपणांत साधारण एक ते दोन स्त्रियांना हा त्रास होतो. आनुवंशिक दोष असलेल्या स्त्रीत हा धोका आणखी वाढतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजणे, पोटरी दुखणे, एकाएकी दम लागणे किंवा छातीत कळ येणे, ही लक्षणे दिसली तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. पायातील गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर वेळ फार थोडा असतो.

आईच्या जिवाला असलेला हा धोका वैद्यकाने निर्विवादपणे मान्य केलेला आहे. गर्भाच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नाही.

कल्पना अशी होती, आणि ती तर्काला धरूनच होती, की वार म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे. आईच्या रक्ताची साकळण्याची प्रवृत्ती वाढली तर वारेत गुठळ्या होतील, गर्भाचे पोषण तुटेल, मग गर्भपात, वाढ खुंटणे, आईचा रक्तदाब वाढणे, पोटातच बाळ दगावणे, ही सारी संकटे ओढवतील. काही मृत बालकांच्या वारेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता खरोखरच गुठळ्या आढळल्या. कधी त्या आईच्या बाजूच्या रक्तप्रवाहात होत्या, कधी गर्भाच्या बाजूच्या. गर्भाच्या स्वतःच्या रक्तात दोष असेल तर त्याच्याच वाहिन्यांत गुठळी होऊ शकते, हेही दिसून आले. परंतु गर्भाने दोष घेतला आहे म्हणून गर्भारपण बिघडतेच का, या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. दोष असलेली असंख्य बालके पूर्ण दिवसांची, उत्तम वजनाची जन्माला येतात आणि म्हातारी होतात. याच कारणाने गर्भजल काढून गर्भाच्या या दोषाची तपासणी सर्रास केली जात नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो दारुण आहे. प्रोटीन सी किंवा प्रोटीन एस या प्रथिनाचा दोष माता आणि पिता या दोघांकडेही असेल आणि बाळाने दोघांचाही सदोष जनुक घेतला तर जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत त्याच्या त्वचेवर काळे-निळे चट्टे पसरू लागतात. बारीक वाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात; डोळे आणि मेंदूही सुटत नाहीत. तत्काळ ताजा गोठवलेला प्लाझ्मा देणे हा पहिला उपाय. असे बाळ लाखांत एखादेच; पण नात्यात विवाह झालेल्या कुटुंबांत ही शक्यता वाढते. गोत्र टाळण्याची जी रीत समाजात चालत आली आहे ती या दृष्टीने हितकारकच म्हणावी लागेल. ज्या घरात असे एक बाळ झाले आहे त्या घराने पुढच्या वेळी गर्भ राहण्यापूर्वीच आनुवंशिकीच्या तज्ज्ञाची भेट घ्यावी. तेथे गर्भाची तपासणी करण्यास अर्थ असतो.

भारतीयांच्या रक्तात नेमके काय आढळते, हे पाहणाऱ्या संस्थांत मुंबईची संस्था अग्रेसर आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात 1957 मध्ये रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून ओळखली जाते आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अखत्यारीत चालते. हिमोफिलियाच्या कुटुंबांना गर्भनिदानाची सोय करून देण्यात तिचे मोठे कार्य आहे. कारण न सापडलेल्या गर्भपातांच्या स्त्रियांवर तेथे झालेल्या कामातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली : युरोपीय लोकांत जे बदल सर्वाधिक आढळतात ते भारतीयांत तितके आढळत नाहीत. फॅक्टर फाइव्ह लायडन हा बदल युरोपात सुमारे 5 टक्के लोकांत असतो. भारतात तो बराच कमी आहे, आणि प्रोथ्रॉम्बिनचा बदल तर जवळजवळ सापडतच नाही. आपल्याकडे वारशाने आलेल्या दोषांत प्रोटीन एसची उणीव पुढे येते. पण सर्वांत ठळक संबंध आढळला तो वारशाने न येणाऱ्या, पुढे आयुष्यात उद्भवणाऱ्या एका दोषाशी.

तो दोष म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनचे डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी 1983 मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीर स्वतःविरुद्धच प्रतिद्रव्ये तयार करते आणि त्यामुळे गुठळ्या होतात, गर्भपात होतात. हा दोष माहेरहून किंवा सासरहून आलेला नसतो. आणि सुदैवाने यावर उपाय आहे. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत अशा स्त्रियांना केवळ अल्प मात्रेतील ॲस्पिरिन दिले तेव्हा 42 टक्के गर्भारपणे सुखरूप पार पडली. ॲस्पिरिनसोबत हेपारिनची इंजेक्शने दिली तेव्हा 71 टक्के. एकदा रिपोर्ट सदोष आला की किमान बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते, कारण साध्या तापानंतरही ही प्रतिद्रव्ये तात्पुरती वाढतात. पुष्कळ घरांत ही दुसरी तपासणी होतच नाही. पहिल्याच कागदावर वर्षभराचा उपचार सुरू होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे. जे इंजेक्शन या दोषात उपयोगी पडते तेच आनुवंशिक दोष असलेल्या स्त्रीला दिले तर तिचा गर्भ टिकेल का? पुष्कळ वर्षे असे गृहीत धरले गेले. मग चाचण्या झाल्या. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच देशांतील 292 स्त्रिया सहभागी होत्या. इंजेक्शन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांच्या गर्भारपणात फरक पडला नाही. त्याहून नेमकी चाचणी 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन किंवा अधिक वेळा गर्भ गेलेल्या आणि आनुवंशिक दोष सिद्ध झालेल्या 326 स्त्रिया त्यात होत्या. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी 72 टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले. न घेणाऱ्यांपैकी 71 टक्के.

या दोन आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पहिला अर्थ असा की केवळ गर्भ टिकावा म्हणून आनुवंशिक दोषासाठी घेतलेल्या इंजेक्शनाचा लाभ दिसून आलेला नाही. दुसरा अर्थ अधिक दिलासा देणारा आहे, पण तो क्वचितच सांगितला जातो : दोष असून, पूर्वी गर्भपात होऊनही, काहीही न करता दहांपैकी सात स्त्रियांची ओटी भरते. ज्या घरात इंजेक्शनांमुळे बाळ झाले असे सांगितले जाते, त्या घरात ते बाळ बहुधा त्यांच्याविनाही झाले असते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना केवळ गर्भपात झाले म्हणून आनुवंशिक दोषांच्या तपासण्या करू नयेत, असे सांगते. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भाच्या गुणसूत्रांतील चुकीमुळे होतात. त्यात आईच्या रक्ताचा काही संबंध नसतो.

हिशेब करून पाहण्यास हरकत नाही. एका इंजेक्शनाची किंमत चारशे रुपये धरली, सातव्या आठवड्यापासून अडतिसाव्यापर्यंत आणि प्रसूतीनंतर सहा आठवडे ते रोज घेतले, तर दिवस होतात 259 आणि रक्कम 1 लाख 3 हजार 600 रुपये. सुखवस्तू कुटुंबाला ती झेपते. दुकानात हिशेबनीस म्हणून काम करणाऱ्याला ती कर्ज काढून उभी करावी लागते. आणि पैशाखेरीजही किंमत असते : पोटावरचे काळे-निळे डाग, रक्तस्रावाची धास्ती, क्वचित प्लेटलेट घसरण्याचा धोका.

मात्र याचा विपरीत अर्थ काढून कोणी चालू इंजेक्शन परस्पर बंद करू नये. ज्या स्त्रीला पूर्वी स्वतःला गुठळी होऊन गेली आहे, जिला अँटिथ्रॉम्बिनची उणीव आहे, जिने फॅक्टर फाइव्हचा दोष आई-वडील दोघांकडून घेतला आहे, जिला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे, तिच्यासाठी हे इंजेक्शन जीव वाचविणारे आहे. तेथे ते केवळ गर्भासाठी नव्हे, तर प्रामुख्याने आईसाठी असते. डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न साधा आहे : "हे इंजेक्शन आईला गुठळी होऊ नये म्हणून आहे, की गर्भ टिकावा म्हणून?" उत्तर मिळाले की पुढची चर्चा सोपी होते. हेपारिन वारेतून पलीकडे जात नाही, ही त्यातील आणखी एक बाब. त्यामुळे बाळाला त्याचा अपाय नाही. पण म्हणूनच गर्भाच्या स्वतःच्या रक्तात दोष असेल तर आईच्या पोटावरचे इंजेक्शन तेथे पोहोचतही नाही.

हेपारिनविषयी एक माहिती जैन कुटुंबांना बहुधा कोणी देत नाही, आणि ती कळल्यावर धक्का बसतो. हेपारिन आणि त्यापासून बनविलेले एनॉक्सापॅरिन हे डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढले जाते. खोक्यावर शाकाहार-मांसाहाराचा ठिपका नसतो, आणि विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही. ज्या घरात औषधाची कॅप्सूल जिलेटिनची आहे का हे पाहिले जाते, त्या घरात ही गोष्ट ठाऊक नसावी, हे योग्य नाही. पर्याय आहेत का? फोंडापॅरिनक्स हे पूर्णतः कृत्रिमरीत्या तयार होणारे औषध आहे. पण गर्भारपणातील त्याचा अनुभव मर्यादित असल्याने हेपारिन न सोसणाऱ्या स्त्रियांपुरतेच ते सहसा वापरले जाते. वॉरफरिनची गोळी वार ओलांडून गर्भाला अपाय करू शकते. नव्या गोळ्या गर्भारपणात देत नाहीत. म्हणजे जेथे इंजेक्शन खरोखर अनिवार्य आहे तेथे सध्या सोयीस्कर पर्याय नाही, आणि आईचा जीव पणाला लावून तो शोधणे अहिंसेतही बसणार नाही. परंतु जेथे लाभ सिद्धच झालेला नाही तेथे रोज एक इंजेक्शन घेण्यापूर्वी ही माहिती त्या स्त्रीला असणे, हा तिचा हक्क आहे.

तपासणीच्या बाबतीत खानदेशाची एक खास अडचण आहे. प्रोटीन सी, प्रोटीन एस यांचे कार्य मोजावयाचे तर रक्त निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत अचूक मापाने घ्यावे लागते, लवकरात लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो आणि तो गोठलेल्या अवस्थेतच मुंबई-पुण्याला पोहोचावा लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना नमुना वाटेत वितळला, तर प्रथिन कमी दाखविणारा रिपोर्ट येतो आणि निरोगी स्त्री रुग्ण ठरते. शिवाय गर्भारपणात प्रोटीन एस स्वाभाविकपणेच घटते. त्यामुळे गर्भ राहिलेला असताना किंवा नुकताच गेलेला असताना काढलेला त्याचा रिपोर्ट जवळजवळ निरर्थक असतो. प्रसूतीनंतर काही आठवडे थांबून, शक्य असल्यास थेट मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन रक्त द्यावे. जनुकांच्या तपासणीला ही अडचण नाही. तिचा नमुना उष्णतेने सहसा बिघडत नाही.

आणि ज्या तपासणीला फारसा खर्च येत नाही ती मात्र राहून जाते. उशिराच्या महिन्यांत बाळ दगावले तर वार फेकून न देता फॉर्मालिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजिस्टकडे पाठविता येते. गुठळी होती की नव्हती, असल्यास आईच्या बाजूला की बाळाच्या, जंतुसंसर्ग होता का, हे तेथे दिसते. त्या दुःखाच्या घटकेला हे सुचत नाही, हे खरे. म्हणून घरातील एखाद्या जाणत्या व्यक्तीने ते ध्यानात ठेवावे.

रिपोर्टात वारंवार झळकणारे आणखी एक नाव म्हणजे एम.टी.एच.एफ.आर. या जनुकातील बदल इतक्या निरोगी माणसांत आढळतो की त्याला दोष म्हणणेही अवघड आहे. तज्ज्ञ संघटनांनी त्याची तपासणी करू नये असेच सुचविले आहे. पण त्याच्याशी निगडित होमोसिस्टीन हा पदार्थ मात्र जैन कुटुंबांनी लक्षात घ्यावा. होमोसिस्टीन वाढण्याचे आपल्याकडील मोठे कारण जनुकात नसून ताटात आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने दाखवून दिले. पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा 1993 पासून त्यांनी जो अभ्यास केला त्यात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी-12 जीवनसत्त्व कमी होते आणि 30 टक्के स्त्रियांत होमोसिस्टीन वाढलेले होते. फोलिक ॲसिड मात्र जवळजवळ कोणातही कमी नव्हते. आईचे होमोसिस्टीन अधिक असेल तर बाळाचे वजन कमी भरते, असाही संबंध त्यांना दिसला. बी-12 वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते आणि पुष्कळदा पुरत नाही. बी-12 जीवनसत्त्व सूक्ष्म जिवाणूंच्या किण्वनाने तयार करतात, प्राण्याच्या मांसातून काढीत नाहीत. कॅप्सूलऐवजी गोळी घेतली की जिलेटिनचाही प्रश्न उरत नाही. महागड्या जनुकीय तपासणीआधी बी-12 मोजून घेणे केव्हाही शहाणपणाचे.

व्रत-उपवासांविषयी लिहिणे नाजूक आहे, पण टाळता येत नाही. शरीरातील पाणी कमी झाले की गुठळी होण्यास अनुकूलता येते. चौविहार पाळणाऱ्या स्त्रीच्या पोटात ऐन उन्हाळ्यातही सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत अकरा-साडेअकरा तास पाण्याचा थेंब जात नाही. खानदेशच्या उकाड्यात गर्भवतीसाठी आणि विशेषतः गुठळीचा इतिहास असलेल्या गर्भवतीसाठी हे हिताचे नाही. तिविहारात पाण्याची मोकळीक आहे. पच्चक्खाणातही आगारांची तरतूद आहेच, आणि त्यात आजारपणाच्या प्रसंगी औषध घेण्यास वाव ठेवला आहे. शास्त्रकारांनी ती विचारपूर्वकच केली असणार. साधू-साध्वीजींना परिस्थिती सांगितली तर त्या आग्रह धरीत नाहीत, असाच बहुतेकांचा अनुभव आहे. आग्रह असतो तो घरच्या वडीलधाऱ्या मंडळींचा.

तीच गोष्ट बाळंतपणानंतरची. "पाणी जास्त पिऊ नको, पोट सुटेल," असे बाळंतिणीला सांगणारी घरे अजून आहेत. वास्तविक गुठळीचा धोका दिवसागणिक पाहिला तर गर्भारपणापेक्षा प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत अधिक असतो. मेंदूतील शिरांत गुठळी होण्याचे प्रकार भारतात बाळंतिणींमध्ये बरेच आढळत आले आहेत. सतत वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, झटके येणे, ही त्याची लक्षणे. बाहेरची बाधा समजून त्यावर उतारे शोधण्यात दिवस घालवू नयेत.

एका सवयीकडे तर बहुधा कोणाचेच लक्ष नसते. लग्न, प्रतिष्ठा महोत्सव, यात्रासंघ असा प्रसंग आला की घरातील स्त्रिया पाळी लांबविण्याच्या गोळ्या घेतात. मेडिकल स्टोअरमधून त्या सहज मिळतात आणि एकीच्या सांगण्यावरून दुसरी घेते. या संप्रेरकाच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो. ज्या स्त्रीला किंवा तिच्या आईला, बहिणीला गुठळी होऊन गेली आहे तिने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कुटुंबाच्या इतिहासाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. ओसवाल, पोरवाल, सैतवाल अशा ज्ञातींत वंशावळी जपण्याची हौस आहे. सात पिढ्यांची नावे सांगणारे वृद्ध आजही भेटतात. पण कोण कशाने गेले, हे त्या वंशावळीत नसते. पन्नाशीच्या आत पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेले, बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर एकाएकी गेलेले, पोटातच बाळ दगावलेले, इतकी माहिती दोन्ही घरांकडून एका कागदावर आली तरी डॉक्टरांना ती पंधरा हजारांच्या तपासण्यांइतकी उपयोगी पडते. ती लपविली जाते ती सोयरीक मोडेल या भीतीने. ही भीती अनाठायी आहे. बहुतेक वाहक जन्मभर निरोगी राहतात आणि या दोषासाठी कोणतेही स्थळ नाकारण्याचे कारण नाही. काळजी घ्यावयाची ती ठरावीक प्रसंगी : गर्भारपण, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, हाड मोडून अंथरुणाला खिळणे, आणि धुळ्याहून पुण्यापर्यंतचा किंवा जळगावहून मुंबईपर्यंतचा न थांबता केलेला गाडीचा प्रवास. दर दोन तासांनी उतरून थोडे चालले तरी पुरे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे एक अडचण मात्र हमखास उद्भवते. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी धुळ्याहून जळगावला किंवा जळगावहून धुळ्याला येते, डॉक्टर बदलतात आणि फाइल सासरी राहते. इंजेक्शने चालू असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. कळा सुरू होण्याच्या किंवा सिझेरियनच्या आधी इंजेक्शन थांबवावे लागते; पाठीच्या मणक्यातून भूल द्यावयाची असेल तर नेहमीच्या प्रतिबंधक मात्रेनंतर किमान 12 तास आणि उपचाराच्या मोठ्या मात्रेनंतर किमान 24 तास जावे लागतात. शेवटचे इंजेक्शन किती मात्रेचे होते आणि कोणत्या वेळी घेतले, हे भूलतज्ज्ञाला मध्यरात्रीही सांगता आले पाहिजे. ते फाइलच्या पहिल्या पानावर रोज लिहिलेले असावे, आणि प्रसूतीनंतर इंजेक्शन पुन्हा केव्हा सुरू करावयाचे व सहा आठवड्यांपर्यंत ते कोण देणार, हे रुग्णालयातून घरी निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.